कच्चं खाईन, बिल्ला टाकणार नाही

सोमवार, २ फेब्रुवारी

पाटी लागली. कॅन्टीनच्या मागच्या दारात, हात धुवायच्या नळाच्या बरोबर वर. म्हणजे तोंड पुसायला मान वर केली की वाचलीच पाहिजे.

“स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांनी यापुढे जेवणाचे पैसे द्यावेत. घास असो की चव, शिजलेले काहीही तोंडात गेल्यास त्या दिवशी आपल्या नंबरचा एक बिल्ला पेटीत टाकावा. प्रत्येक बिल्ल्यामागे एका ताटाची रक्कम पगारातून कापली जाईल.” खाली मॅनेजरची सही. अशी झोकदार की जणू दोन राज्यांत तह झालाय.

बावीस वर्षं मी या बसडेपोत रांधतेय. रोज अडीचशे ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक जेवतात. आम्ही स्वयंपाकघरात अकरा जण, दुपारचं आणि संध्याकाळचं इथेच उभ्याउभ्या खातो. ते आता बंद. म्हणजे मी घातलेल्या फोडणीचा मला वास फुकट, बाकी सगळं विकत!

मॅनेजर नवा आहे. आल्यापासून काटकसर चाललीय. आधी साबणाच्या वड्या अर्ध्या झाल्या, मग आमचा चारचा चहा, आता आमचं पोट. मी विचारलं, “मीठ बघायला पळी जिभेला लावली, तरी अख्खं ताट?”

“नियम सगळ्यांना सारखा, बाई.”

“मग चाखणारच नाही. आणि शिजलेलं खाणारही नाही. महिनाभर. घरीसुद्धा नाही.”

घरीसुद्धा कशाला म्हटलं? कुणी विचारलं होतं? माझी जीभ म्हणजे उतारावरची बस, ब्रेक लागेपर्यंत दोन थांबे पुढे गेलेली असते.

मॅनेजर हसला. दहा जणांच्या देखत म्हणाला, “फेब्रुवारीभर न चाखता रांधून दाखवा. तक्रारवहीत जेवणाची एकही तक्रार आली नाही तर पाटी मी स्वतः काढीन. आली तर पळी दुसऱ्याच्या हातात. तुम्ही भाजी चिरायला बसा.”

“चालेल,” म्हटलं.

आता चालवावं लागणार.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

चहा! चहा शिजतो हे काल कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. सकाळी कप ओठांपाशी नेला आणि वन्सं शांतपणे म्हणाल्या, “उकळलाय हो तो.”

वन्सं म्हणजे माझी नणंद. हे गेल्यापासून आम्ही दोघी एका घरात आहोत. त्या टपाल कचेरीतून निवृत्त झाल्या, पण शिक्का अजून हातातच आहे. जो दिसेल त्याच्यावर मारतात. काल रात्री सगळी हकीकत ऐकून त्यांनी विचारलं होतं, “कच्चं म्हणजे नक्की काय खाणार तुम्ही? पाला?”

“पालासुद्धा.”

“शेळी खाते. पण ती निदान दूध देते, वहिनी.”

गंमत बाजूला. खरी अडचण किराण्याची आहे. आम्ही दोघी महिन्याच्या सुरुवातीला एका पाकिटात पैसे टाकतो आणि त्यात घर चालतं. ते पाकीट एका पोटाचं आहे, कारण माझं पोट वर्षानुवर्षं डेपोत भरत होतं. आता त्याच पाकिटात दुसरं पोट. वन्संचं जेवण कापायचं नाही हे मी आधीच सांगून टाकलं. त्यांचं वय आहे, औषधं आहेत. त्यांचं सोडून जे उरलं ते तळहातावर घेतलं. मूठ सहज मिटली.

बघू. ससे कुठे पाकीट बाळगतात?

बुधवार, ४ फेब्रुवारी

बाजारात सकाळी जाणं श्रीमंतांचं काम. मी दुकानं आवरायच्या वेळेला गेले. मोडकी गाजरं निम्म्या भावात. ठिपके पडलेली केळी, त्याहून कमी. मुळे पाल्यासकट, कारण पाला कुणी मागत नाही. कोबीची बाहेरची पानं भाजीवाला टोपलीत फेकत होता, ती मागितली.

“ससे पाळलेत का?”

“एक आहे. पन्नाशीचा.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पानांवर एक लिंबू ठेवलं. दया आली की भीती वाटली, कळलं नाही. लिंबू घेतलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

जबडा दुखतो.

शनिवार, ७ फेब्रुवारी

वाचनालयातून कच्च्या आहारावरचं पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर एक गोरटेली तुकतुकीत बाई. तिच्या हातात अशी फळं की त्यातली निम्मी मी फक्त चित्रात पाहिलीत. सकाळी मूठभर बदाम, म्हणते. नारळाचं ताजं पाणी. दुपारी कसली कसली पानं, त्यावर कसलं कसलं तेल. या बाईच्या एका न्याहारीत माझा आठवडा निघेल. सुख म्हणजे काय, तर भूक लागल्यावर फळांच्या दुकानात शिरताना पाऊल अडखळू नये. तिचं अडखळत नसणार.

तरी दोन गोष्टी कामाच्या मिळाल्या. राजमा कच्चा खायचा नाही, बाधतो. आणि कडधान्याला मोड आणले तर एका वाटीच्या तीन वाट्या होतात, त्यासुद्धा फुकट, फक्त पाण्यावर! मूग भिजवले. ओल्या फडक्यात बांधून नळाला टांगले. वन्सं भांडी घासायला गेल्या आणि पुरचुंडी गालाला लागली. किंचाळल्या.

“काय आहे हे?”

“माझं रविवारचं जेवण.”

“ओलं आहे.”

“जिवंत आहे. उद्या त्याला शेपटी फुटेल.”

शेंगदाणेही भिजवायला घातलेत. भिजलेला शेंगदाणा खाल्लाय कुणी? ओल्या खडूसारखा लागतो. पण पोटात राहतो, आणि बदामाच्या एका पुडीच्या पैशांत त्याचं पोतं येतं.

आठवडाभर स्वयंपाक न चाखता निघाला. तक्रारवही कोरी. अडीचशे माणसांच्या पातेल्याला तीन मुठी मीठ, ही मूठ बावीस वर्षांत बदललेली नाही. डाळ झाली की नाही हे मला तिच्या बुडबुड्यांच्या आवाजावरून कळतं. भाजी लागायला आली की वास आधी बदलतो, रंग नंतर. जीभ ही नवशिक्यांची सोय आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज फळ्यावर मी लिहिलं: “डाळ, भात, कोबी. मीठ अंदाजे. तक्रार असल्यास वही दारात आहे आणि मीही दारातच आहे.”

रोजचा फळा मी लिहिते, ते माझं एकुलतं एक साहित्य. मॅनेजर वाचून गेला.

त्याची नवी काटकसर: बारीक मिठाची पाकिटं बंद, आता जाड्या मिठाचं पोतं आलंय. खडे, राखाडी. मीठ ते मीठ. तीन मुठी घातल्या.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दुर्बीण माझ्या शेगड्यांभोवती घुटमळायला लागलीय. ही आमची भाजी चिरणारी. साठीची बाई, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड, म्हणून सगळे दुर्बीण म्हणतात. तोंडावर मी “मावशी” म्हणते. आज दोनदा पातेल्यापाशी आली, कडा पुसायच्या निमित्ताने. “ताई, जरा...” म्हणाली. मी म्हटलं, “मावशी, इथे गर्दी करू नका, तुमची गाजरं तिकडे वाट बघताहेत.” गेली. एका मिनिटात परत.

ऊब शोधत असेल. हाडं कुरकुरतात तिची.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मुळा. काकडी. मुळा. पोटात असा आवाज येतो की बसमध्ये शेजारच्या बाईने खिडकी उघडली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सात नंबरच्या बसचा ड्रायव्हर आज जेवताना तक्रारवही मांडीवर घेऊन बसला. हा माणूस तक्रारीसाठीच जेवतो. मागच्या वर्षी याने लिहिलं होतं, “भात पांढरा आहे.” आज पेन उघडलं. मॅनेजर काउंटरपाशी उभा, हाताची घडी घालून. मी काटेकोरपणे भांडी लावत होते, म्हणजे तेच भांडं तीनदा.

सात नंबर म्हणाला, “ऐकलं की तुम्ही न चाखता रांधताय. खरं का?”

“खरं.”

“मग डाळीला चव कुठून आली?”

“सवयीने.”

तो बराच वेळ पेन दाबत राहिला. टिक, टिक, टिक. मग वहीत लिहिलं, “आज पंखा आवाज करतो.” पंखा! पंख्याला मीठ मी घालत नाही.

मॅनेजरचं तोंड कच्च्या दुधी भोपळ्यासारखं झालं. काल मीच खाल्लाय, म्हणून ठामपणे सांगते.

रविवार, १५ फेब्रुवारी

सर्दी. नाक बंद. वन्संनी सूप केलं, गाजराचंच, माझ्याच गाजरांचं, फक्त ते शिजवलेलं. वाफ माझ्या खोलीपर्यंत सोडली मुद्दाम. नाक बंद असताना! वाया गेली बिचारी.

“दोन चमचे घ्या. कोण बघायला येतंय?”

“तुम्ही बघताय.”

“मी डोळे मिटते.”

“वन्सं, तुम्ही चाळीस वर्षं लोकांची पत्रं न उघडता पोचवलीत. तुम्हाला मी शिकवायला हवं का?”

त्या म्हणाल्या, “गरम पाणी चालतं का तुमच्या कायद्यात?” यावर आम्ही अर्धा तास खल केला. शेवटी निकाल त्यांनी दिला: पाण्यात काही पडलं नाही तोवर ते पाणीच. लिंबू पडलं तर? लिंबू कच्चं आहे, शिजवलेलं नाही, पाण्याने अंग पोळलं एवढंच. दोन पेले प्यायले. इतकं चांगलं पाणी आयुष्यात प्यायले नव्हते.

वन्सं हे सगळं वेडेपणाचं आहे असंच म्हणतात. पण सूप त्यांनी स्वतःही प्यायलं नाही. झाकून ठेवलं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पाकीट दोन आठवड्यांत अर्ध्याहून कमी झालं नाही! हे त्या पुस्तकातल्या बाईला कळवायला हवं. माझं एक दिवसाचं: सकाळी केळं आणि भिजलेले दाणे. दुपारी डब्यात मोडाचे मूग, कांदा, लिंबू. संध्याकाळी गाजर, कोबीची पानं, काकडी परवडली तर काकडी. गॅस जळत नाही, तेल लागत नाही. फुलकोबीचे दांडे सोलून खाल्ले तर नवलकोलासारखे लागतात, आणि लोक ते फेकून देतात. बीट मात्र कच्चं खाऊ नये. बाधत नाही, पण हसताना माणूस कुणाचा तरी गळा फोडून आल्यासारखा दिसतो. आज काउंटरवर एक कंडक्टर दचकला.

मॅनेजरने विचारलं, “तब्येत बरी आहे ना, बाई?” आवाजात काळजी, डोळ्यांत आशा.

“उत्तम. एप्रनची नाडी आता दोन फेरे जाते. तुम्हीही करून बघा, पट्टा वाचेल.”

गुरुवार, १९ फेब्रुवारी

खोटं लिहिणार नाही. आज पावाचे ताजे ट्रे आले तेव्हा मी भांडारात जाऊन दार लावून घेतलं. पाच मिनिटं मिठाच्या पोत्यावर बसून राहिले. अडीचशे पाव, गरम. त्यातला एकच, कुणाला कळलं असतं?

मला कळलं असतं. आणि पाव गेला असता, पाटी राहिली असती. गेल्या महिन्यापर्यंत इथली भांडी घासणारी बाई संध्याकाळचं जेवण इथे जेवून घरी फक्त पोरांचं करायची. आता तीही डबा आणते. त्या डब्यात काय असतं ते मी पाहिलंय, आणि त्यात काय नसतं तेही. अकराच्या अकरा जणांनी या महिन्यात एकही बिल्ला टाकायचा नाही असं ठरवलंय, माझ्या जोडीला. मी एका पावासाठी मोडू?

मूग चावून खाल्ले. शत्रूला चावावं तसे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

दुर्बिणीला आज पुन्हा हाकललं. पातेल्यावर वाकली होती, हातात वाटी. म्हटलं, “मावशी, चष्म्याच्या काचा डाळीत पडतील.” सगळे हसले. तीही हसली थोडी.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सात नंबरने लिहिलं: “आज जेवणात काही दोष सापडला नाही.” आणि पुढे कंसात, “शोधला.”

मी ते पान फाडून फ्रेम करून लावणार होते. वही सरकारी आहे म्हणे.

शनिवार, २८ फेब्रुवारी

पाटी निघाली!

मॅनेजरने स्वतः काढली. शब्दाला जागला, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवते. स्क्रूड्रायव्हर मीच दिला. शेवटचा स्क्रू गंजला होता, निघता निघेना, तेव्हा पुढे होऊन मी पाटी खालून धरली. म्हटलं, “सावकाश, पाय कापेल.” अकराच्या अकरा जण बघायला उभे. भांडी घासणाऱ्या बाईने हात पुसले नव्हते, तसेच ओले टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडालं.

मॅनेजर म्हणाला, “मानलं तुम्हाला. म्हणजे चाखायची गरज नसतेच की.”

“गरज असते. पण हाताला बावीस वर्षांची जाण असेल तर जीभ लागत नाही.”

हे मी मोठ्याने म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. खरं सांगायचं तर महिनाभर याच वाक्याची तयारी चालली होती. मूग चावताना, मुळा चावताना.

फळ्यावर लिहिलं: “सोमवारपासून कर्मचाऱ्यांचं जेवण पूर्वीप्रमाणे. मीठ बरोबर.”

रविवार, १ मार्च

वन्संनी सूप केलं. तीन वाट्या. चहा किती झाला ते लिहीत नाही.

मुगाची नवी पुरचुंडी मात्र नळाला टांगलीच. वन्संनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “माझ्यासाठीही घाला थोडे.”

सोमवार, २ मार्च

सकाळी पगाराची पत्रकं आली, मुख्य कार्यालयातून. पेटीतले बिल्ले तिथेच मोजतात. मॅनेजरने वाटली, ताटांची कपात मोठ्याने वाचत. शून्य. शून्य. माझं शून्य. दुर्बीण: अठरा.

अठरा ताटं! आम्ही दहा जण घरून डबे आणत असताना. माझ्या डोळ्यांपुढे ते पाव आले. चिरायच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, “पोट भरलं का, मावशी? आमच्या पाठीमागे अठरा वेळा?”

त्यांनी सुरी ठेवली नाही. गाजर चिरत राहिल्या. मला एकटीला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “जाडं मीठ मुठीत कमी मावतं, ताई. नऊ तारखेला डाळ अळणी होती. घातलं थोडं. मग रोजच बघावं लागलं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“आले होते. तुम्ही गाजरांकडे पाठवलंत.”

“आणि बिल्ला? कुणी पाहिलं होतं तुम्हाला?”

“तोंडात गेलं होतं ना.” मग मान वर न करता, “आता काही बोलू नका. मॅनेजर दारात आहे अजून. पाटी परत लावेल.”

बोलले नाही. बाकीचे त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघत होते. भांडी घासणारी बाई त्यांच्या बाजूचं स्टूल उचलून दुसरीकडे घेऊन गेली. मी तशीच उभी. नऊ तारखेपासून अठ्ठावीसपर्यंत, रविवार सोडून, बोटांवर मोजलं. अठराच.

डाळीला उकळी आली होती. एक पळी वाटीत घेतली, फुंकर घातली आणि सगळ्यांच्या समोरून नेऊन मावशींच्या हातात दिली.

“मीठ बघा.”

त्यांनी चाखलं. म्हणाल्या, “अजून एक मूठ.”

घातली.